अखाजीचा आकडा

यावल रोडला टायरच्या दुकानावर आमची खोली.
खाली टबात पंक्चरची ट्यूब बुडबुडते,
वर मी आणि मुराद तडवी
पांढऱ्या फळ्यासमोर, सकाळपासून.
फळ्यावर तीन रकाने,
कोपऱ्यात मुरादनं कंटाळून काढलेला केळीचा घड.

सॉफ्टवेअर चालतंय. तेवीस वजनकाट्यांवर,
धानोऱ्यापासून लासूरपर्यंत.
गाडी चढते, आकडा उमटतो,
पावती व्यापाऱ्याच्या फोनवर जाते.
सहा महिने फुकट दिलं.
आता मागायचं आहे,
आणि मागण्याचा कोड दोघांनाही लिहिता येत नाही.

मुराद म्हणतो, पावतीमागे दोन रुपये.
काटेवाला गाडीमागे घेतो, आपणही घेऊ.
पण धानोऱ्याचे सुपडू नेहेते आधीच बोलून गेलेत,
पावतीला पैसे लावशील, तर माझं पेन अजून सुकलेलं नाही पोरी.
आणि कापूस संपला, केळीचा भाव पडला,
काट्यावर दिवसभर शेळ्या बसून राहिल्या,
त्या महिन्यात सर्व्हरचं भाडं कोण भरणार, शेळ्या?

माणसामागे घ्यावं, तर पासवर्ड एकच,
भिंतीवर खडूनं लिहिलेला,
हमालापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ.

महिन्यामागे?
म्हणजे वर्षातून बारा वेळा
त्याला आठवण करून द्यायची
की तो नाही म्हणू शकतो.

मुराद जेवायला गेला.
मी फळ्यावर लिहिलं : साल.

साल हा शब्द मला शिकवावा लागला नाही.
बाप एकोणीस वर्षं अडावदला सालदार होता.
अखाजीला साल संपायचं, अखाजीलाच नवं धरायचं.
निंबाला झोके बांधलेले, पोरी गात असायच्या,
आणि ओट्यावर आबा विचारायचे,
‘बोल, कितला लेशी?’
आदल्या रात्री बापानं मायजवळ आकडा बोलून पाहिलेला असायचा,
दोनदा, एकदा जरा मोठ्यानं.
मी नऊ वर्षांची, खांबाआड.
मला तो आकडा माहीत होता.
बाप पायाच्या अंगठ्याकडे बघायचा.
‘तुम्ही दिशात ते, आबा.’
मग आबा द्यायचे ते.
वर दोन पोती ज्वारी, एक सदरा, चपला.

यंदा अखाजीला मी अडावदला गेले.
ओट्याला आता फरशी आहे,
आबांचा नातू प्रफुल्ल काटा चालवतो.
थंड पाणी दिलं, खुर्ची दिली, ताई म्हणाला.
‘बोला ताई, वर्षाचं किती?’

ते वाक्य घशात आलंच.
बापाचंच, त्याच चालीत :
तुम्ही द्याल ते.
मी ते पाण्याबरोबर गिळलं.
‘नऊ हजार सहाशे. पावत्या कितीही फाडा.’

काट्यावर गाडी चढली की
आकडा जरा वेळ नाचतो.
थांबेपर्यंत बोलायचं नसतं,
हे मला तेवीस काट्यांनी शिकवलंय.
मी बोलले नाही.
प्रफुल्ल छताकडे बघत राहिला, पंख्याची पाती मोजल्यासारखा.
‘सात करा.’
‘हप्ते दोन करते. आकडा तोच.’
त्यानं फोन काढला
आणि पहिला हप्ता
टिंग करून माझ्या पर्समध्ये वाजला.

घरी बाप खापरावरचे मांडे खात होता.
‘कितलामा ठरनं?’
मी सांगितलं.
त्याचा हात रसाच्या वाटीत थांबला,
बराच वेळ.
मग म्हणाला, ‘आनि वर काय?’

वर?
वर काही नाही म्हणणार होते.
तेवढ्यात फोन वाजला, रात्रीचे साडेदहा,
अडावदच्या काट्यावर केळीची गाडी उभी, प्रिंटर अडलेला.
मी उठले. लॅपटॉप उघडला.
बाप चपलांकडे बघत होता,
माझ्या की त्याच्या, कळलं नाही.

सकाळी मुरादच्या आधी पोचले.
तीन रकाने पुसले.
घड राहू दिला.
सालाच्या खाली एक ओळ वाढवली :
रात्री नऊनंतरचा फोन, वेगळे पैसे.
किती, ते अजून लिहिलेलं नाही.
खडबडीत मार्कर हातात धरून
मी तो आकडा बोलून पाहते आहे,
दोनदा,
एकदा जरा मोठ्यानं.